व्होल्टेज, करंट, रेझिस्टन्स: मल्टीमीटर घेऊन गणित जुळवायचं कसं आणि ते कुठे बिघडतं

सूत्र सगळ्यांना पाठ असतं. व्होल्टेज = करंट × रेझिस्टन्स. तो त्रिकोण काढायचा, जे हवं त्यावर बोट ठेवायचं, उरलेल्याचं गणित करायचं. आणि तरी बॅटरी, रेझिस्टर, मीटर प्रत्यक्ष समोर आलं की आकडे काहीच्या काही येतात, एकतर एलईडी जातो नाहीतर मीटरचा फ्यूज. दरवेळी बघतो तर गडबड एकाच जागी असते: व्होल्टेज घेतलंय एका भागाचं, रेझिस्टन्स घेतलाय दुसऱ्याच भागाचा, आणि दोघांचा भागाकार करून माणूस मोकळा. तिन्ही आकडे एकाच तुकड्याचे पाहिजेत. बॅटरीचं व्होल्टेज असेल तर रेझिस्टन्स अख्ख्या सर्किटचा, एका रेझिस्टरचा रेझिस्टन्स असेल तर व्होल्टेज त्याच्याच दोन टोकांमधलं. खाली जे काही सांगतोय ते सगळं याच एका गोष्टीभोवती फिरतं.

शाळेच्या पुस्तकात यांनाच विभवांतर, विद्युतधारा आणि रोध म्हणतात, पण दुकानात जाऊन रोध द्या म्हणालात तर काउंटरवरचा माणूस तुमच्याकडे बघत बसेल, म्हणून इथे दुकानातलेच शब्द.

सामान

चार पेन्सिल सेल आणि ते बसतील असं होल्डर, म्हणजे ६ व्होल्ट झाले. पाव वॉटचे रेझिस्टर: ४७० ओहम, १ किलो-ओहम, २.२ किलो-ओहम आणि १ मेगा-ओहम, प्रत्येकी दोन-तीन घेऊन ठेवा, किरकोळीत मिळतात. दोन-तीन लाल एलईडी, छोटा ब्रेडबोर्ड (सोल्डर न करता पार्टचे पाय खुपसून सर्किट जोडायचा भोकांचा बोर्ड), थोडी सिंगल स्ट्रँड वायर, क्रोकोडाइल क्लिपा, आणि साधा डिजिटल मल्टीमीटर, तो पिवळा किंवा काळा स्वस्तातला चालेल, सगळे आकडे तसल्याच मीटरवरचे देतोय. वही आणि पेन पण लागेल, हे सामानातच धरा, कारण लिहून न ठेवता मोजणारे हमखास घोळ घालतात.

९ व्होल्टची चौकोनी बॅटरी सुरुवातीला घेऊ नका. बरेच जण तीच घेतात. स्वस्तातली असेल तर जरा लोड आला, म्हणजे तिच्यातून करंट घ्यायला लागलात, की तिचं व्होल्टेज खाली बसतं, आकडे जुळत नाहीत आणि नवशिक्याला वाटतं नियमच चुकलाय. ती शेवटी कामाला येईल.

जपून: यातलं काहीही घरच्या २३० व्होल्टच्या लाइनवर करायचं नाही. सॉकेटमधे प्रोब, म्हणजे मीटरच्या वायरीचं टोकदार टोक, घालून "बघू किती करंट आहे" हा प्रकार तर अजिबात नाही, का ते पाचव्या पायरीत कळेल.

१. आधी मीटर तपासा, सर्किट नंतर

मीटरवर तीन सॉकेट असतात. एक कॉम लिहिलेला, तिथे काळा प्रोब कायमचा, तो हलवायचाच नाही. मधला सॉकेट व्होल्ट, ओहम आणि मिलीअँपिअर या तिघांसाठी. तिसरा १० अँपिअरचा. आज तिसऱ्याला हात लावायचा नाही.

डायल २०० ओहमवर न्या आणि दोन्ही प्रोबची टोकं एकमेकांना घट्ट टेकवा. शून्य येणार नाही, ०.३ ते १ च्या मधे काहीतरी येईल, तो प्रोबच्या वायरींचा स्वतःचा रेझिस्टन्स. लिहून ठेवा. आता प्रोब टेकवलेले असतानाच त्यांच्या वायरी मानेपाशी हलवून बघा, आकडा नाचायला लागला तर वायर आतून तुटत आलीय. असले प्रोब घेऊन मोजायला बसलात तर अर्धा दिवस सर्किटमधली चूक शोधत बसाल.

मीटरच्या आतली बॅटरी उतरलेली असेल आणि स्क्रीनवर बॅटरीचं चित्र येत असेल तर आधी ती बदला. बॅटरी उतरली की हे मीटर बंद पडत नाहीत, ते बिनधास्त चुकीचे आकडे दाखवतात, बहुतेक वेळा खऱ्यापेक्षा जास्त.

चेक: प्रोब मोकळे ठेवल्यावर ओहमच्या रेंजला डावीकडे नुसता १ दिसायला हवा. हा १ म्हणजे "माझ्या रेंजच्या बाहेर", एक ओहम नव्हे.

आणि हे मी उगाच सांगत नाहीये. माझा भाचा १ किलो-ओहमचा रेझिस्टर २०० च्या रेंजला लावून मोजत होता, डावीकडे १ आला, तर म्हणतो, "मामा, बरोबर आहे की, एक किलो." त्याच रेंजवर २.२ किलोचा लावायला सांगितला, परत १. मग १ मेगाचा, परत १. तेव्हा कुठे चेहरा पडला.

२. रेझिस्टर मोकळा ठेवून मोजा

रंगाचे पट्टे वाचता येत असतील तर उत्तम: तपकिरी-काळा-लाल म्हणजे १ किलो, लाल-लाल-लाल २.२ किलो, पिवळा-जांभळा-तपकिरी ४७० ओहम. चौथा पट्टा सोनेरी असेल तर छापील किमतीच्या ५ टक्के वर किंवा खाली चालतं, म्हणजे १ किलोचा रेझिस्टर ९५० पासून १०५० पर्यंत काहीही निघू शकतो आणि तो खराब नसतो. म्हणूनच पट्ट्यांवर न थांबता मोजायचं आणि पुढच्या गणितात मोजलेला आकडा घ्यायचा.

२००० ओहमच्या रेंजवर माझा १ किलोवाला ९८५ दाखवतो. तोच २० किलोच्या रेंजवर ०.९८ आणि २०० किलोच्या रेंजवर ०.९ किंवा १.०. रेझिस्टर तोच, फक्त आकड्यातला बारकावा गेला. नियम एवढाच की ज्या सगळ्यात छोट्या रेंजमधे तो मावतो ती घ्या. २.२ किलोचा २००० मधे मावत नाही, त्याला २० किलोची रेंज, माझा २.१७ निघाला. ४७० वाला ४६६.

इथे दोन चुका कायम होतात. पहिली, रेझिस्टर सर्किटमधे लावलेला असतानाच ओहम मोजणं. मीटर ओहम मोजताना स्वतःच्या बॅटरीतून बारीकसा करंट सोडतो आणि आकडा काढतो, मग बाजूला दुसरा रस्ता असेल तर तो करंट तिकडूनही जातो आणि आकडा कमी येतो, आणि सर्किटला बॅटरी जोडलेली असेल तर आकड्याला काही अर्थच उरत नाही, मीटरही जाऊ शकतो. एक पाय तरी ब्रेडबोर्डमधून बाहेर काढा. दुसरी, दोन्ही टोकं दोन हातांच्या बोटांनी धरणं. १ किलोला फरक कळत नाही, पण १ मेगाला तुमचं अंगच समांतर जोडलं जातं. करून बघा, बोटांना जरा घाम असेल तर आकडा चांगलाच घसरतो.

३. बॅटरीचं व्होल्टेज घ्या

डायल डीसी व्होल्टच्या २० वर. एसी व्होल्टवर चुकून ठेवलात तर शून्य नाहीतर भलताच मोठा आकडा येईल आणि तुम्ही सेलला शिव्या द्याल. लाल प्रोब प्लसला, काळा मायनसला, उलटं झालं तर आकड्याच्या आधी उणे चिन्ह येतं, बाकी काही बिघडत नाही.

चार नवीन सेलचे माझ्याकडे ६.३२ आले. छापील ६ वर गणित करू नका, ६.३२ वर करा.

व्होल्टेज नेहमी दोन जागांमधलं असतं, हे इथेच डोक्यात पक्कं बसवा. "या वायरला किती व्होल्ट आहेत" हा प्रश्नच अर्धवट आहे, कशाच्या मानाने ते सांगावं लागतं. म्हणून व्होल्टेज मोजताना सर्किट तोडायचं नसतं, दोन प्रोब दोन ठिकाणी नुसते टेकवायचे. करंटचं बरोबर उलटं: तो दोन जागांमधे नसतो, एका जागेतून जातो, मग तो मोजायला त्या जागी सर्किट तोडून मधे मीटर घालावा लागतो. पाण्याच्या पाइपमधे वॉटर मीटर बसवायला पाइप कापावाच लागतो तसं.

४. आधी गणित, मग जोडणी

ही पायरी जवळपास सगळे गाळतात. मीटर सांगेलच की, कशाला गणित? पण किती यायला पाहिजे हे माहीत नसेल तर आलेला आकडा बरोबर की चूक ते ठरवणार कशावरून?

६.३२ व्होल्ट, रेझिस्टर ९८५ ओहम. ६.३२ ÷ ९८५ = ०.००६४२ अँपिअर, म्हणजे ६.४२ मिलीअँपिअर. शून्यांत घोळ होतो म्हणून सोपी सवय लावा: व्होल्टला किलो-ओहमने भागलं की उत्तर थेट मिलीअँपिअरमधे येतं. ६.३२ ÷ ०.९८५ = ६.४२. व्होल्टला साध्या ओहमने भागलं की अँपिअर. ४७० ओहम भागाकारात तसाच घालून उत्तराला मिलीअँपिअर म्हणणारे लोक मी खूप बघितलेत, हजार पटीची चूक असते ती.

चेक: वहीत ६.४२ लिहिलं का? मगच पुढे.

५. करंट मोजा, इथेच फ्यूज जातात

क्रम अजिबात बदलू नका.

आधी होल्डरमधला एक सेल काढा, सर्किट मेलेलं पाहिजे. मग होल्डरची लाल वायर ब्रेडबोर्डच्या एका ओळीत, रेझिस्टरचा एक पाय त्याच ओळीत, दुसरा पाय वेगळ्या ओळीत. ब्रेडबोर्डच्या एका ओळीतली पाचही भोकं आतून जोडलेली असतात, त्यामुळे रेझिस्टरचे दोन्ही पाय एकाच ओळीत खुपसले तर तो असून नसल्यासारखा. आता रेझिस्टरच्या मोकळ्या पायापासून होल्डरच्या काळ्या वायरपर्यंत जी वायर लावायची, तिच्या जागी मीटर येणार. डायल डीसी अँपिअरच्या २० मिलीवर, लाल प्रोब मधल्याच सॉकेटमधे. लाल प्रोब रेझिस्टरकडे, काळा होल्डरच्या काळ्या वायरीला, क्रोकोडाइल क्लिप लावून, हाताने धरून नाही. सगळ्यात शेवटी सेल बसवा.

माझ्याकडे ६.३५ आला. गणितात तर ६.४२ होता. इथे लोक म्हणतात मीटर स्वस्तातला आहे, सोडून द्या. नका सोडू. असल्या मीटरच्या आत २० मिलीअँपिअरच्या रेंजला साधारण १० ओहमचा रेझिस्टन्स असतो, करंट त्यातून जातो आणि मीटर खरं तर त्याच्यावरचं बारीकसं व्होल्टेज वाचत असतो. म्हणजे सर्किटमधे आता ९८५ नाही, ९९५ ओहम आहेत. ६.३२ ÷ ०.९९५ = ६.३५. मीटर खोटं बोलत नव्हता, तोही सर्किटचा भाग झाला होता आणि आपण त्याला हिशोबात धरला नव्हता.

जपून: मीटर करंटच्या रेंजवर असताना प्रोब थेट बॅटरीच्या दोन टोकांना कधीही लावू नका. मधे रेझिस्टर नाही, आतले ते जेमतेम १० ओहम, बॅटरी जेवढा देईल तेवढा करंट मीटरमधून जाणार. मधल्या सॉकेटला फ्यूज असतो, तो उडेल आणि मीटर वाचेल. १० अँपिअरच्या सॉकेटला बऱ्याच स्वस्त मीटरवर फ्यूजच नसतो, बाजूला तसं छापलेलंही असतं, फक्त कोणी वाचत नाही.

मी पण नव्हतं वाचलं. मोटारसायकलची १२ व्होल्टची बॅटरी तपासायला घेतली होती, आदल्या दिवशी काहीतरी मोजून लाल प्रोब तिसऱ्या सॉकेटमधेच राहिलेला, डायल मात्र व्होल्टवर फिरवून ठेवलेला, त्यामुळे बघताना सगळं बरोबर वाटत होतं. प्रोब टर्मिनलला टेकवला आणि फट्कन ठिणगी. प्रोबचं टोक काळं पडून गोल झालं, टर्मिनलच्या शिशाला छोटासा खड्डा पडला आणि प्लास्टिक जळल्याचा वास दोन मिनिटं नाकातून गेला नाही. डायल कुठेही असो, त्या सॉकेटपासून कॉमपर्यंत आतून जवळजवळ सरळ वायरच असते. १२ व्होल्टला हे झालं, २३० ला काय होईल याचा विचार तुम्हीच करा.

चेक: करंट मोजून झाला की लगेच डायल व्होल्टवर आणि लाल प्रोब मधल्या सॉकेटमधे. चहा घ्यायला उठायच्या आधी.

करंट शून्यच येत असेल तर पहिला संशय मीटरच्या फ्यूजवर घ्या. फ्यूज उडालेला मीटर व्होल्ट बऱ्याचदा व्यवस्थित दाखवतो, म्हणून कळत नाही.

६. दोन रेझिस्टर एकामागे एक

आता ९८५ आणि २१७० ओहमवाले सिरीजमधे, म्हणजे पुस्तकातली एकसर जोडणी. बॅटरीच्या प्लसपासून पहिला, त्याच्या टोकापासून दुसरा, तिथून मायनस. मीटर व्होल्टवर, सर्किट पूर्ण जोडलेलं.

९८५ ओहमवाल्यामधून किती करंट जातो सांगा म्हटलं की दहातले सात जण ६.३२ ला ९८५ ने भागतात आणि ६.४२ म्हणतात. झालं. व्होल्टेज अख्ख्या बॅटरीचं आणि रेझिस्टन्स अर्ध्याच सर्किटचा. बॅटरीचे ६.३२ व्होल्ट घ्यायचे असतील तर रेझिस्टन्सही सगळा घ्या: ९८५ + २१७० = ३१५५. मग ६.३२ ÷ ३.१५५ = २.०० मिलीअँपिअर, आणि रस्ता एकच आहे म्हणून दोघांतून तेवढाच.

आता प्रत्येक रेझिस्टरच्या दोन टोकांना प्रोब लावून मोजा. मला ९८५ वर १.९७ व्होल्ट मिळाले, २१७० वर ४.३५. बेरीज ६.३२. आणि आता त्याच रेझिस्टरचं व्होल्टेज त्याच्याच रेझिस्टन्सने भागा: १.९७ ÷ ०.९८५ = २.००, ४.३५ ÷ २.१७ = २.००. जुळलं. सर्किट न तोडता, मीटर मधे न घालता करंट कळला हे लक्षात घ्या. रिपेअरवाले बहुतेक वेळा असाच करंट काढतात, ओळखीच्या रेझिस्टरवरचं व्होल्टेज मोजून.

पहिल्या रेझिस्टरमधे करंट "खर्च" होतो आणि दुसऱ्याला कमी मिळतो असं वाटत असेल तर मीटर मधे घालून तिन्ही जागी मोजा: प्लसपाशी, मधोमध, मायनसपाशी. तिन्हीकडे सारखाच येईल. विभागलं जातं ते व्होल्टेज.

एक गंमत करून बघा, सकाळी मोकळा वेळ असेल तर. दोन्ही रेझिस्टर काढून १ मेगाचे दोन लावा. दोघांवर अर्धं अर्धं म्हणजे ३.१६ यायला पाहिजे. स्वस्त मीटरवर २.१ च्या आसपास येईल, दोघांवरही, आणि बेरीज ४.२. उरलेले दोन व्होल्ट गेले कुठे? कुठेच नाही. असल्या मीटरचा व्होल्ट मोजतानाचा स्वतःचा रेझिस्टन्स साधारण १ मेगा-ओहम असतो, तो तुमच्या १ मेगाला समांतर आला, दोघांचे मिळून अर्धा मेगा झाले आणि वाटणी बदलली. किलो-ओहमच्या सर्किटमधे हे जाणवत नाही. चांगल्या मीटरला १० मेगा असतात, त्यावर ३.० च्या आसपास दिसेल.

७. समांतर

दोन्ही रेझिस्टर आता बॅटरीला वेगवेगळे, दोघांचं एक टोक प्लसला, एक मायनसला. इथे दोघांवर पूर्ण ६.३२ व्होल्ट, त्यामुळे इथे मात्र प्रत्येकाला ६.३२ नेच भागायचं. ६.४२ आणि २.९१, एकूण ९.३३ मिलीअँपिअर. बॅटरीला दिसणारा रेझिस्टन्स ६.३२ ÷ ९.३३ म्हणजे ०.६७७ किलो, ६७७ ओहम.

चेक: समांतरचं उत्तर कायम सगळ्यात छोट्या रेझिस्टरपेक्षा छोटं यायला हवं. ९८५ पेक्षा मोठं आलं तर कुठेतरी बेरीज करून बसलात.

घरातले सगळे पॉइंट समांतरच असतात, म्हणून प्रत्येक वस्तू लावली की मेन वायरमधला करंट वाढतो. ६ अँपिअरच्या एका एक्स्टेन्शन बोर्डवर १००० वॉटची इस्त्री आणि १५०० वॉटचा पाणी तापवायचा रॉड एकदम लावला तर ४.३ आणि ६.५, जवळपास ११ अँपिअर. बोर्ड गरम का होतो हे विचारायचं कारण नाही.

८. एलईडीला रेझिस्टर कुठला

सगळ्यात जास्त एलईडी इथे मरतात. एलईडी म्हणजे रेझिस्टर नव्हे. त्याला ठराविक ओहम नसतातच. लाल एलईडी पेटला की त्याच्यावर साधारण १.८ ते २ व्होल्ट राहतात, करंट कमी-जास्त झाला तरी थोडेच हलतात. पांढरा किंवा निळा असेल तर ३ व्होल्टच्या आसपास.

गणित असं: बॅटरी ६.३२, त्यातले १.९ एलईडीने घेतले, रेझिस्टरच्या वाट्याला ४.४२. करंट १० मिलीअँपिअर हवाय. मग ४.४२ ÷ १० = ०.४४२ किलो, म्हणजे ४४२ ओहम. असा मिळत नाही, त्याच्या वरचा ४७० घ्या, नेहमी वरचाच.

लोक काय करतात? कोणी ६.३२ ÷ १० करून ६३२ काढतो, ६८० लावतो, एलईडी मंद पेटतो, ठीक आहे, मरत नाही. पण कोणी एलईडीचे १.९ घेऊन १९० ओहम काढतो आणि १८० लावतो. रेझिस्टरवर तर ४.४२ आहेत, करंट ४.४२ ÷ ०.१८ = २४ मिलीअँपिअरच्या वर, साध्या एलईडीला २० ची मर्यादा असते. एलईडीचं व्होल्टेज आणि रेझिस्टरचा रेझिस्टन्स, परत दोन वेगळ्या भागांचे आकडे.

जोडून मोजा. माझ्या ४६६ ओहमवाल्याबरोबर एलईडीवर १.९३ आले, करंट ९.४. मग तो काढून २.१७ किलोवाला लावला: करंट २.०६ वर आला, पाव भागाच्याही खाली, पण एलईडीवरचं व्होल्टेज १.८५ च होतं. भागाकार केलात तर पहिल्यांदा एलईडी २०५ ओहमचा वाटेल आणि दुसऱ्यांदा ९०० च्या आसपास, आणि यातला कुठलाही आकडा पुढच्या गणितात वापरायचा नाही.

जपून: हेच ४७० ओहम घेऊन १२ व्होल्टला जोडलं तर २१ मिलीअँपिअरच्या वर जातं. व्होल्टेज बदललं की रेझिस्टर परत काढायचा. १२ ला १ किलो ठीक.

असंच फसवणारं दुसरं गिऱ्हाईक म्हणजे जुना तारेचा बल्ब. २३० व्होल्ट ६० वॉटचा बल्ब होल्डरमधून काढून हातात घेऊन ओहम मोजा, ६०-७० च्या आसपास येईल. २३० भागिले ६५ केलं तर साडेतीन अँपिअर, म्हणजे ८०० वॉट! मीटर बरोबर आहे, सूत्र पण बरोबर आहे, फक्त मोजलंय थंड तारेला. पेटल्यावर तीच तार पांढरीफटक तापते आणि रेझिस्टन्स ८८० ओहमवर जातो. गीझरच्या कॉइलला इतका फरक पडत नाही, २००० वॉटची कॉइल मोजली तर २६ ओहमच्या आसपास मिळते.

९. बॅटरी आणि वायर पण सर्किटमधेच असतात

आता ती जुनी ९ व्होल्टची चौकोनी बॅटरी काढा. नुसती मोजली तर माझी ८.१ दाखवत होती, चांगली वाटेल. ४६६ ओहमचा रेझिस्टर लावून, तो लावलेलाच असताना परत मोजली: ६.४. करंट ६.४ ÷ ०.४६६ = १३.७ मिलीअँपिअर. हरवलेले १.७ व्होल्ट बॅटरीच्या पोटातल्या रेझिस्टन्सवर पडले, १.७ ÷ १३.७ = ०.१२४ किलो, म्हणजे १२४ ओहम. बॅटरी संपली म्हणजे बहुतेक वेळा हेच झालेलं असतं. सेल तपासताना लोड लावूनच तपासा.

अडॅप्टरचा प्रश्न तर दर आठवड्याला कोणीतरी विचारतं: "२ अँपिअरची वस्तू आहे, ५ अँपिअरचा अडॅप्टर लावला तर जळेल का?" नाही जळणार, व्होल्टेज तेवढंच असेल तर. अडॅप्टर व्होल्टेज देतो, करंट किती घ्यायचा ते वस्तू ठरवते. ५ म्हणजे जास्तीत जास्त देऊ शकतो तेवढं, ढकलतो तेवढं नाही. उलट १ अँपिअरचा लावलात तर अडॅप्टर तापेल किंवा बंद पडेल. जळतं ते १२ च्या जागी १९ व्होल्टचा लावल्यावर.

शेवटचं, गणपतीच्या डेकोरेशनचं. १२ व्होल्टची पांढरी एलईडी स्ट्रिप, २ अँपिअर घेणारी, अडॅप्टर १० मीटरवर ठेवलेला कारण प्लग तिकडे. मधे ०.५ स्क्वेअर मिलीमीटरची बारीक वायर. स्ट्रिप मंद, आणि सगळे अडॅप्टर बदलायला निघालेले.

तांब्याच्या असल्या वायरीला किलोमीटरला साधारण ३९ ओहम असतात. अंतर १० मीटर असलं तरी करंट जातो आणि परत येतो, म्हणून वायर २० मीटर धरायची, हे विसरणारे खूप. ०.७८ ओहम झाले. गुणिले २ अँपिअर, १.५६ व्होल्ट वायरीतच पडायला पाहिजेत.

स्ट्रिप चालू ठेवून मोजलं (बंद ठेवून मोजलंत तर दोन्हीकडे १२ येतील आणि वायर निर्दोष वाटेल). अडॅप्टरपाशी १२.१, स्ट्रिपपाशी ११.०. फरक १.५६ नाही, १.१ आहे. कारण स्ट्रिपला व्होल्टेज कमी मिळालं की ती करंटही कमी घेते, २ अँपिअर घेतच नाहीये. मग किती घेतेय? वायरीवरचं व्होल्टेज भागिले वायरीचा रेझिस्टन्स: १.१ ÷ ०.७८ = १.४ अँपिअर. एका व्होल्टच्या फरकात करंट एवढा घसरला, कारण प्रत्येक तुकड्यातले तीन पांढरे एलईडी मिळून ९ व्होल्ट अडवून बसतात आणि आतल्या बारीक रेझिस्टरला वरचेच तीन मिळतात.

१.५ स्क्वेअर मिलीमीटरची वायर टाकली, स्ट्रिपपाशी ११.६ मिळाले. अडॅप्टर तोच. एक बघा, वायर घेताना टोक सोलून चाकूने खरवडून बघायची, आतून पांढरी निघाली तर ती तांब्याचा मुलामा दिलेली अ‍ॅल्युमिनियमची आहे आणि वरचा हिशोब तिला लागू नाही, ड्रॉप, म्हणजे वायरीतच पडणारं व्होल्टेज, जास्त येईल. आणि स्ट्रिपचं लांबचं टोक तरीही मंद दिसत असेल तर स्ट्रिपच्या आतल्या पातळ पट्टीत पण ड्रॉप होतोय, त्या टोकालाही अडॅप्टरपासून वेगळी जोडी ओढा, प्लस प्लसला, मायनस मायनसला, आणि चालू करायच्या आधी एकदा मीटरने खात्री करून घ्या.